चहाडीचं दान

वांगी सोडण्यात आता काही राम उरला नव्हता. सलग एकोणीस चातुर्मास मी वांगी सोडली आणि विसाव्या वर्षी लक्षात आलं, की मला वांगी मुळात आवडतच नाहीत. इतकी वर्षं देवाला मी नको असलेली वस्तूच देत होते. म्हणून यंदा आषाढी एकादशीला तुळशीपुढे बसून ठरवलं, जे खरंच आवडतं ते सोडायचं. मनाशी बराच शोध घेतला. गोड? नाही. चहा? तोही तसा नाही. शेवटी कबूल करावं लागलं, की मला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर ह्याचं त्याला सांगणं. हळू आवाजात, समोरच्याच्या भल्यासाठीच, पण सांगणं.

म्हणून चार महिने चहाडी वर्ज्य केली.

घरात सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि काळजीने विचारलं, मग जेवताना आपण बोलायचं कशाबद्दल. सासूबाई मात्र खूश झाल्या. त्यांचं नाव येसूबाई. वय ऐंशीच्या पुढे, आणि व्रतांच्या बाबतीत त्या वकिलासारख्या आहेत. त्यांनी लगेच एक अडचण काढली.

"वांगं सोडलं तर ताटात दिसतं. चहाडी सोडल्याली कुटं दिसती? किती सोडली ह्ये नगं का कळाया? ल्हून ठेव."

मी शंभर पानी वही आणली. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की तिथी टाकायची आणि खाली लिहायचं, 'आज गिळलं', आणि पुढे जे गिळलं असेल ते. पहिल्याच आठवड्यात नऊ पानं भरली. तेव्हा मला माझीच जरा लाज वाटली, पण नऊच्या नऊ पानं वाचून पाहिली तर मजकूर सुरेख होता.

आता मी काम कुठे करते ते सांगायला हवं, कारण वहीतली बरीच पानं तिथलीच. सोमाटण्याला फरशांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लहानशी प्रयोगशाळा आहे. कामशेतहून मी गाडीने तळेगावला उतरते आणि तिथून रिक्षाने जाते. नातेवाइकांना वाटतं आम्ही गोळ्या-औषधं करतो. तसं नाही. कामशेत स्टेशनाबाहेर पवना धरणाकडे जाणाऱ्या जीपा उभ्या असतात ना, तसं समजा. माणसाच्या रक्तात हार्मोन असतात, ते प्रवासी. ते पायी हिंडत नाहीत, जीपमध्ये बसून फिरतात आणि जिथे उतरतात तिथेच काय ते काम करतात. ही जीप म्हणजे एक प्रथिन. ताण आला की अंगात जे कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं, त्याची रक्तात ठरलेली जीप आहे. किती प्रवासी बसलेत आणि किती उतरले, हे ज्या संशोधकांना मोजायचं असतं त्यांना आधी कोऱ्या, रिकाम्या जीपा लागतात. त्या आम्ही पुरवतो.

आम्ही म्हणजे खरं तर पेशी. माणसाच्याच पेशी, पण वर्षानुवर्षं काचेत वाढलेल्या. त्यांच्यात त्या प्रथिनाची कृती, म्हणजे जनुक, सोडलं की त्या निमूट प्रथिन तयार करतात आणि भोवतालच्या गुलाबी रसात सोडून देतात. आमचं काम गवळ्याचं. गोठा सदतीस अंशांवर उबदार ठेवायचा, वेळेवर खाऊ घालायचं आणि बरोबर चौथ्या दिवशी धार काढायची, म्हणजे रस गाळून त्यातलं प्रथिन वेगळं करायचं. तो गुलाबी रस करणं, काच धुणं, सगळं निर्जंतुक करणं हे माझ्याकडे. बी.एस्सी. होऊन तीस वर्षं झाली, पण एकदा सोवळ्यात स्वयंपाक करायची सवय लागली की हे काम जड जात नाही.

आम्ही चारच माणसं. डॉक्टर अनघा मुख्य. तळेगावच्याच, आवाजाने सौम्य आणि नियमाने कडक. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून लावलं आहे, 'नोंद नाही ते घडलं नाही.' त्याच्या शेजारी दुसरी पाटी, 'आत खाण्याचे पदार्थ आणू नयेत.' आकाशसर लोणावळ्याचे, पस्तिशीतले. पेशी वाढवण्यापासून गाळण्यापर्यंतची जबाबदारी त्यांची, आणि ती ते बऱ्यापैकी पाळतात. चौथी प्रेरणा. कामशेतच्या पलीकडच्या गावातली, एम.एस्सी. झालेली, एका वर्षाच्या करारावर आलेली. तिच्या गावातून प्रयोगशाळेत कामाला लागलेली ती पहिलीच. करार दिवाळीनंतर संपणार होता, आणि पुढे तिला कायम करायचं की नाही हे तिच्या कामावर ठरणार होतं.

श्रावणात सातवी बॅच लागली. बंगळूरच्या एका संस्थेला एकसारख्या बॅच हव्या होत्या. प्रेरणाने मंगळवारी पेशींत जनुक सोडलं, शनिवारी दुपारी चारला धार काढायची होती. शनिवारची पाळी आकाशसरांची. मी घरी शनिवारची खिचडी टाकत होते तेव्हा फोन आला. आकाशसर लोणावळ्याच्या भुशी धरणावर होते. सासुरवाडीची मंडळी आली होती, मेहुणीला धरण बघायचं होतं, म्हणून सकाळी लवकर नेऊन अकरापर्यंत परतायचं असा बेत होता. पण पावसाळ्यातल्या शनिवारी भुशीला गेलेला माणूस कधी परत येईल हे त्याचं त्याला ठरवता येत नाही, आणि हे लोणावळ्याच्या माणसाने विसरावं म्हणजे नवलच. पुढे गाड्या, मागे गाड्या, पोलिसांनी खालचा रस्ता बंद केलेला. फोनमध्ये कुणीतरी कणीस खात बोलत होतं, मेहुणीच असावी.

त्यांनी मला गळ घातली. सोमाटण्याला जाऊन पेशींची उबेची पेटी सदतीसवरून बत्तीसवर आणा, म्हणजे पेशी संथ होतील आणि मी येईपर्यंत मरणार नाहीत. दूध उतू जायला लागलं की गॅस बारीक करतात, तसंच ते. मी खिचडीचा गॅस बंद केला, गेले, पाच वाजता पेटी बत्तीसवर आणली आणि घरी आले. ते येऊन नोंद करतीलच, असं मला वाटलं. ते आले थेट सोमवारी सकाळी सातला. धार काढली. आणि नोंदवहीत लिहिलं, 'शनिवार, दुपारी चार. सदतीस अंश.' खाली सही.

मी आठला पोचले तेव्हा शाई ओली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. व्रताचं मी त्यांना आषाढातच सांगून ठेवलं होतं. ते हळूच म्हणाले, ताई, तुमचं ते व्रत चालू आहे ना? मी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जी भक्ती दिसली तशी मी देवळातसुद्धा क्वचित पाहिली आहे.

त्या संध्याकाळी माझ्या वहीत दीड पान झालं.

गोष्ट इथेच मिटली असती. पण प्रेरणाने प्रथिन मोजलं आणि आकडा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तपासला. एरवी लिटरमागे चार मिलिग्रॅम मिळायचं, ह्या वेळी अकरा. कॉर्टिसॉल धरायची चाचणीही उत्तम आली. एकही जीप मोडकी नव्हती. डॉक्टरबाईंनी सगळ्यांना चहा पाजला. आकाशसर म्हणाले, वेळ साधणं महत्त्वाचं असतं. मी चहात बघत राहिले.

बंगळूरहून निरोप आला, अशाच आणखी बॅच द्या. आठवी बॅच नोंदीबरहुकूम लावली, सदतीस अंश, चार दिवस. चार मिलिग्रॅम. नववी, तीच कथा. डॉक्टरबाईंनी प्रेरणाला बोलावून घेतलं. त्यांच्या खोलीची काच नीट लागत नव्हती म्हणून मला बाहेर ऐकू येत होतं, आणि मी उठून गेले नाही हेही खरं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की नोंद स्वच्छ आहे, पेशी त्याच आहेत, तेव्हा एक तर सातव्या बॅचचा आकडा चुकीचा मोजला गेला, किंवा नंतरच्या बॅचना कुणाचा तरी हात नीट लागला नाही. दोन्ही वेळा हात एकच होता. दहावी बॅच कार्तिकात लागेल. ती अकराच्या आसपास आली नाही तर कराराबद्दल त्यांचा नाइलाज होईल.

प्रेरणा थंड खोलीत गेली आणि दहा मिनिटांनी लाल डोळ्यांनी बाहेर आली. सर्दी झाली म्हणाली. मी तिला काही विचारलं नाही, आणि संध्याकाळी लिहिलं, 'प्रेरणा थंड खोलीत रडली. गिळलं.' ह्या वेळी मात्र ते गिळणं घशाखाली उतरेना. माझं व्रत सोवळं राहावं म्हणून त्या मुलीने नोकरी गमवायची, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

रात्रभर विचार करून मला एक वाट दिसली. दुसऱ्याचं सांगणं ही चहाडी. स्वतःचं सांगितलं तर तो कबुलीजबाब. सकाळी मी डॉक्टरबाईंकडे गेले आणि सांगितलं, की सातव्या बॅचच्या वेळी शनिवारी संध्याकाळी पाचला पेटी बत्तीसवर मी आणली होती, आणि ते लिहिलं नव्हतं.

त्यांनी नोंदवही उघडली. सातव्या बॅचच्या पानावर बोट ठेवलं.

"लीलाताई, धार चारला काढलीय. रिकामी पेटी पाचला गार कशाला केलीत?"

ह्याचं उत्तर द्यायचं तर आकाशसर आले.

"कुणी सांगितलं होतं करायला?"

ह्याचं उत्तर तर नुसते आकाशसरच.

त्यांनी वही मिटली आणि माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, की प्रेरणासाठी तुम्ही स्वतःवर घेताय, तुमचं मन मोठं आहे, पण नोंद आणि तुम्ही ह्यांत मला नोंदीवर विश्वास ठेवावा लागतो. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून खरं सांगायला गेले होते आणि खोटी ठरून बाहेर आले.

तेव्हा एक गोष्ट मात्र उमगली. व्रत मोडून मी सगळं ओकले असते तरी उपयोग नव्हता. ती नोंद फक्त एकच माणूस बदलू शकत होता, ज्याची खाली सही होती तो.

मग मी आकाशसरांच्या वाटेत उभी राहू लागले. मऊपणानेच. एकदा म्हटलं, सर, खरी वेळ लिहायला अजून उशीर झालेला नाही. ते म्हणाले, लिहितो ताई, योग्य वेळ बघून लिहितो. मग एक दिवस जेवणाच्या टेबलावर त्यांच्या डब्याशेजारी मी भाजलेलं कणीस ठेवलं. कणीस ठेवणं ही चहाडी होते का, ह्यावर येताना गाडीत पुष्कळ विचार केला होता. कणसाला तोंड नसतं, तेव्हा होत नाही, असं ठरवलं. त्यांनी कणीस बघितलं आणि त्या दिवशी डबा अर्धाच खाल्ला. पुढे आठवडाभर रोज एक कणीस. डॉक्टरबाईंनी कौतुकाने विचारलंसुद्धा, आकाशला कणीस एवढं आवडतं होय. मी म्हटलं, श्रावणापासून जरा जास्तच. हे वाक्य व्रताच्या अगदी कुंपणावर होतं. मी त्या संध्याकाळी एक माळ जास्त ओढली.

आकाशसर वाईट नव्हते, घाबरले होते. एकदा खोटं लिहिलं, त्यावर चहा पिऊन झाला, बंगळूरला पत्र गेलं. आता खरं लिहायचं म्हणजे तो सगळा चहा परत ओतायचा. त्यापेक्षा त्यांना सोपं वाटलं ते माझं व्रत. चातुर्मास कधी संपतो हे त्यांनी मोबाइलवर बघून ठेवलं. देवाला म्हणून रोज लोणावळ्याहून झेंडू आणायला लागले. माझ्या व्रताची एवढी काळजी माझ्या माहेरीही कुणी केली नव्हती. दिवाळी झाल्यावर तर त्यांनी सुचवलं, की इतकं छान जमलंय तर कार्तिकात सोडता कशाला, लगेच मार्गशीर्षातले गुरुवार आहेत, मग पौषातले रविवार, तेही ह्याच नियमाचे धरा. मी म्हटलं, पाहते. चेहरा शांत ठेवायला मला जन्मभराची साधना कामी आली.

घरी मी सासूबाईंना विचारलं. नाव-गाव काही सांगितलं नाही, नुसतं उद्यापनाचं विचारलं. आमच्याकडे रीत अशी, की चार महिने जे सोडलं ते द्वादशीला पारण्याआधी दान करायचं आणि मगच स्वतः घ्यायचं. वांगं सोडलं तर वांगी द्यायची. मीठ सोडलं तर मीठ. मौन धरलं असेल तर देवळाला घंटा. मग चहाडी सोडली तर काय द्यायचं?

सासूबाईंनी जात्यावर बसल्यासारखी मान डोलवली. त्यांना असा प्रश्न आवडतो.

"मंग चहाडीच दे की. त्यात काय?"

"पण द्यायची कुणाला?"

"वांगी ज्याला लागत्यात त्याला देतो आपण. चहाडी ज्येची त्येला दे. दुसऱ्याला दिलीस तर ती चहाडी व्हती. ज्येची त्येला दिली तर दान."

ऐंशी वर्षांत त्यांनी एकही प्रयोगशाळा पाहिलेली नाही, पण मला वाटतं त्यांना कुणी सल्लागार म्हणून नेमावं.

दहावी बॅच अशी लागली, की धार नेमकी द्वादशीला, सोमवारी दुपारी चारला येत होती. मी आदल्या संध्याकाळी वही उसवली. पानं वेगळी केली. कामशेतच्या शेजारणींची, नणंदेची, ह्यांची, ज्याची त्याची गड्डी. प्रयोगशाळेतल्या तीन गड्ड्या तीन लिफाफ्यांत घातल्या. प्रेरणाची चार पानं. डॉक्टरबाईंची दोन. आकाशसरांचा लिफाफा चिकटेना, त्याला दोरा बांधावा लागला.

सोमवारी पारण्याआधीच्या उपाशीपोटी मी दहाला पोचले. आकाशसरांना विचारलं, सर, माझं उद्यापन आहे, एक दान घ्याल का? उद्यापन हा शब्द ऐकून ते जरा पांढरे पडले, पण इतके दिवस झेंडू आणलेल्या माणसाला नाही म्हणता येईना. दान घेणाऱ्याने पूर्वेला तोंड करून बसायचं असतं. आमच्याकडे पूर्वेच्या भिंतीला पेशींची पेटी आहे. त्यांना चाकाच्या खुर्चीवर पेटीकडे तोंड करून बसवलं, खुर्ची फिरू नये म्हणून पायाने धरून ठेवली. विडा, नारळ, वर लिफाफा, लिफाफ्यावर तुळशीचं पान. पळीभर पाणी सोडलं. पाणी माझ्याच हातचं, दोनदा गाळून निर्जंतुक केलेलं.

"ह्यात काय आहे, ताई?"

"चार महिने मी जे सोडलं ते. तुमचं तुम्हाला. दुसऱ्या कुणाकडे ह्याची नक्कल नाही."

मग प्रेरणाला दिला. मग डॉक्टरबाईंकडे गेले. त्या बौद्ध आहेत, म्हणून विडा-नारळ न नेता नुसता लिफाफा दोन्ही हातांनी दिला आणि रीत काय ती सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, दान तर आमच्यातही आहे, आणि खोटं न बोलण्याचं शीलही आहे. तुमचं चार महिन्यांचं, आमचं बारमाही. मग लिफाफा फोडला, आणि मी दार ओढून घेतलं.

 तीन कोपऱ्यांत तीन माणसं वाचत होती आणि मधे मी बाटल्या धूत होते.

प्रेरणा आधी आली. पेशींच्या बाटल्यांना ती तिच्या शाळेतल्या बाईंची नावं देते आणि सकाळी त्यांना हजेरी घेतल्यासारखी हाक मारते, हे पान वाचून ती हसली होती. शेवटचं, थंड खोलीतल्या रडण्याचं पान तिने घडी करून खिशात ठेवलं. मला म्हणाली, मावशी, तुम्हाला माहीत होतं. मी म्हटलं, मला सगळंच माहीत असतं, बाळ, तोच तर त्रास आहे.

डॉक्टरबाई बाराला बाहेर आल्या. त्यांच्या हातात चिक्कीचा अर्धा पुडा होता. तो त्यांनी सगळ्यांसमोर जेवणाच्या टेबलावर ठेवला. भाद्रपदात काच धुण्याच्या खोलीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती आणि प्रेरणाच्या डब्यामुळे लागली म्हणून तिला बोलणी बसली होती. रांग खरं तर डॉक्टरबाईंच्या कपाटातून निघत होती. 'आत खाण्याचे पदार्थ आणू नयेत' ह्या पाटीच्या बरोबर मागून. त्या प्रेरणाजवळ गेल्या.

"मुंग्या माझ्या होत्या. मी तपासायला हवं होतं." मग म्हणाल्या, "कुणावर ठपका ठेवण्याआधी."

आकाशसर मात्र कपडे बदलायच्या खोलीत गेले ते बाहेरच येईनात. एक वाजला, दोन वाजले. त्यांच्या गड्डीत काही भुशीचंच नव्हतं. मेहुणीशी फोनवर बोलताना ते पेशींना 'माझी मुलं' म्हणतात हे होतं. एकदा वीज गेली तेव्हा जनित्राच्या डिझेलसाठी ते भर पावसात दुचाकीवरून गेले आणि कुणाला कळू दिलं नाही, तेही मी लिहून ठेवलं होतं. चांगलं सांगणंही मी गिळलंच होतं, नियम तो नियम. आणि अगदी शेवटी एक ओळ: 'आज सरांनी माझ्या व्रतासाठी झेंडू आणले. माझं व्रत तुमच्यासाठी नाही, हे त्यांना सांगावंसं वाटलं. गिळलं.'

मी मनाशी ठरवून टाकलं होतं. चारला ते बोलले नाहीत, तर चार वाजून पाच मिनिटांनी मी बोलणार. व्रत सुटलंच होतं. कुणी विश्वास ठेवो न ठेवो, पण बोलणार. माझ्या डब्यात पारण्याचा भात तसाच होता. दान घेणाऱ्याला ते पोचल्याशिवाय मला तो खाववेना.

चारला पाच कमी असताना प्रेरणाने हातमोजे चढवले. डॉक्टरबाई मागे उभ्या. तिने पेटीच्या दाराला हात लावला, आणि मागून आकाशसर म्हणाले, "थांब."

त्यांच्या एका हातात दोरा सुटलेली गड्डी होती, दुसऱ्या हातात माझा नारळ. नारळ कुठे ठेवावा ते त्यांना सुचत नव्हतं, तो त्यांनी शेवटी माझ्याकडेच दिला. पेटीपाशी गेले आणि आकडा सदतीसवरून बत्तीसवर आणला.

"बुधवारी सकाळी सातपर्यंत दार उघडायचं नाही," ते म्हणाले. "सातवी अशीच झाली होती."

मग नोंदवही काढून, सातव्या बॅचच्या पानावर, जुनी ओळ खोडून नाही तर तिच्याखाली, त्यांनी लिहिलं. अक्षर एरवीपेक्षा मोठं आलं. 'वरील नोंद खोटी आहे. शनिवारी मी भुशीला अडकलो होतो. सायंकाळी पाच, बत्तीस अंश, लीलाताईंनी माझ्या सांगण्यावरून. धार सोमवार सकाळी सात. प्रेरणाचं मोजमाप बरोबर आहे.' आणि सही.

डॉक्टरबाईंनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं आता वीज कोसळणार. सकाळी कोसळली असती. पण त्यांची नजर एकदा टेबलावरच्या चिक्कीकडे गेली आणि त्यांनी श्वास सोडला. बंगळूरला आजच पत्र जाईल, म्हणाल्या, आणि ते आकाश लिहील. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यातले सगळे शनिवार-रविवार आकाशचे. मेहुणीला इथे आणलं तरी चालेल, कणीस मात्र खाली फरशांच्या दुकानापाशी खायचं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, लीलाताई, त्या दिवशी तुम्ही मला सगळं का नाही सांगितलं? मी म्हटलं, जेवढं माझं होतं तेवढं सगळं सांगितलं होतं. त्यांनी भिंतीवरची 'नोंद नाही ते घडलं नाही' ही पाटी काढून ठेवली. दुसरी पाटी राहू दिली, पण त्यांची नजर तिथे गेली की त्या लगेच दुसरीकडे बघतात.

बुधवारी प्रेरणाने धार काढली. मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. दहा पूर्णांक आठ. अकरावी बॅच मुद्दाम तशीच लावली, अकरा पूर्णांक दोन. थंडावा मिळाला की ह्या पेशी स्वतः वाढायचं सोडून निवांतपणे प्रथिन करत बसतात, आणि दोन दिवस जास्त मिळाले तर आणखी करतात. उपाशी माणसाचं लक्ष जसं जपात नीट लागतं, असं मी म्हटलं तर डॉक्टरबाई म्हणाल्या, ही तुलना अहवालात घालता येणार नाही. प्रेरणाच्या कायम होण्याच्या पत्रावर त्यांनी त्याच आठवड्यात सही केली. ते पत्र प्रेरणाने सगळ्यात आधी बाटल्यांना वाचून दाखवलं. हे मी पाहिलं.

आकाशसर आता ती भुशीची गोष्ट नवीन आलेल्या प्रत्येकाला स्वतःच सांगतात, आणि सांगताना गर्दी दर वेळी वाढवतात. झेंडू आणणं मात्र त्यांनी थांबवलेलं नाही. मी एकदा विचारलं, आता कशाला? ते म्हणाले, असू दे ताई, पुढच्या आषाढीला काय सोडणार आहात ते अजून ठरलेलं नाही ना.

ते ठरलेलं नाही, हे खरं. तोवर माझं व्रत सुटलेलं आहे, आणि चार महिन्यांचं साठलेलं फार आहे. म्हणूनच तर हे सगळं तुम्हाला सांगितलं. हळू आवाजात, आणि तुमच्याच भल्यासाठी.